थांब गं, ट्रॅक्टर चाललाय!

शिवणाचं दुकान असलं की दोन गोष्टी आपोआप साठतात. एक चिंध्या आणि दुसरे किस्से. चिंध्या निदान गादीवाला येऊन घेऊन तरी जातो. किस्से कोण नेणार? बाई ब्लाउजचं माप द्यायला येते आणि मापापेक्षा जास्त सांगून जाते. त्यात माझं मशीन दाराशी, दार रस्त्यावर, आणि रस्त्यावर रोज काहीतरी नवीन. मध्ये आमच्या रोडच्या लोकांनी गतिरोधक आणायचं मनावर घेतलं, तेव्हापासून तर इतके किस्से जमलेत की म्हटलं, आता वाटून टाकावेत. आज सांगताना मला हसू येतंय. तेव्हा येत नव्हतं, हे आधीच सांगते!

आमचं गाव श्रीरामपूरच्या अलीकडचं, छोटंसं, पण पालिका असलेलं. रस्त्याच्या टोकाला पाट आहे म्हणून त्याला सगळे पाटरोड म्हणतात. पूर्वी या रोडला इतके खड्डे होते की पाहुणे घरी आले की आधी कंबर धरायचे आणि मग पाणी मागायचे. आम्ही खड्ड्यांना रोज शिव्या द्यायचो. मग एकदाचं काँक्रीट झालं, रोड गुळगुळीत झाला, आम्ही पेढे वाटले. आठवड्याभरात कारखान्याला ऊस नेणाऱ्यांना शॉर्टकट सापडला! डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, त्यावर कानठळ्या बसवणारी गाणी, मागून पिकअप, मधूनच मोटारसायकली. दाराबाहेर पाऊल टाकायची सोय राहिली नाही. तेव्हा आम्हाला कळलं, की खड्डे आपल्या बाजूचे होते.

*

पहिला किस्सा आमच्या आत्यांचा. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. आणि समोरच्या घरात मार्था मावशी. दवाखान्यात सिस्टर होत्या, आता रिटायर. दोघी एकाच साली लग्न होऊन या रोडवर आल्या आणि तेव्हापासून दोघींची दारं आणि तोंडं समोरासमोर. दिवाळीला इकडच्या करंज्या तिकडे, नाताळला तिकडच्या इकडे. करंज्या त्याच, फक्त सण बदलायचा!

काँक्रीट झालं त्याच हंगामात आत्या कढीचा डबा घेऊन मावशीकडे निघाल्या आणि एका मोटारसायकलनं त्यांना उडवलं. मी मशीन सोडून धावले. माझ्याआधी मावशी पोचल्या, अनवाणी. "कुणी हलवू नका तिला! हात लावू नका!" असं ओरडून त्यांनी सगळी गर्दी मागे सारली. मोटारसायकलवाला गाडी धरून उभा. आणि आमच्या आत्या, रस्त्यावर पडलेल्या, खुब्याचं हाड मोडलेलं, म्हणतात काय? "मार्थे, कढी सांडली गं!"

ऑपरेशन नगरला झालं. हाड जुळलं. काठी टेकत आत्या घरात फिरायला लागल्या, अंगणातल्या तुळशीला पाणी घालायला लागल्या. पण फाटकाबाहेर पाय ठेवायचा नाही म्हणजे नाही. डॉक्टर म्हणाले, "हाड ठीक आहे, भीती बसलीय." ती भीती मी रोज बघत होते. फाटकाच्या कडीला हात लावायच्या आणि ट्रॅक्टरचा आवाज आला की परत फिरायच्या.

मावशी रोज यायच्या, पाय चोळून द्यायच्या, व्यायाम करून घ्यायच्या. मग एक दिवस त्यांनी येणं बंद केलं. मी विचारायला गेले तर म्हणाल्या, "मी रोज आले तर ती जन्मात उठायची नाही. आता तिनं यायचं." आणि तो कढीचा डबा, जो उडून त्यांच्या ओट्याशी जाऊन पडला होता, तो मला परत देईनात! "ज्याचा डबा त्यानं न्यावा. आणि रिकामा देणार नाही, भरून देईन. सांग तिला!"

मी सांगितलं. आत्या फणकारल्या. "राहू दे तिलाच! लई आली सिस्टर!"

बोलणं मात्र बंद नाही हं! दोघी आपापल्या ओट्यावर बसायच्या आणि एकमेकींकडे बघत मोबाईलवर बोलायच्या. मधे फक्त रोड. आवाज तर फोनशिवायही पोचला असता. पण ट्रॅक्टर आला की फोनवरसुद्धा काही ऐकू यायचं नाही. मग आत्या हात वर करायच्या आणि ओरडायच्या, "थांब गं, ट्रॅक्टर चाललाय!" तो गेला की पुढचं बोलणं. मधेच दुसरा. "थांब गं, ट्रॅक्टर चाललाय!"

हे वाक्य आमच्या घरात इतकं मुरलं, की गॅस संपला, भाजी आणा, असं काही मी म्हणायला लागले की आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "थांब गं, ट्रॅक्टर चाललाय!"

*

तर गतिरोधकासाठी मीटिंग. ती माझ्याच दुकानात, कारण बसायला बाकडं माझ्याकडे आणि चहाही माझ्याचकडे. अध्यक्ष गुजर सर, शाळेत चित्रकला शिकवायचे, आता रिटायर. शिवाय गॅरेजवाले शकीलभाई, दूधवाले बबनराव, मार्था मावशी आणि मी. आत्या आत पलंगावर, पण कान बाहेर.

सरांनी विचारलं, "गतिरोधक हवा, यावर एकमत आहे?"

"आहे!" सगळे एका सुरात. असं एकमत आमच्या रोडवर वर्गणीलाही होत नाही.

"उत्तम. मग कुणाच्या दारासमोर करायचा?"

सगळ्यांनी एकदम चहाचे कप तोंडाला लावले.

बबनराव म्हणाले, "माझ्या दारात नगं. दुधाचे कॅन हिंदकळत्यात. लोनी निघंल वाटंतच!"

शकीलभाई म्हणाले, "माझ्या गॅरेजसमोर केला तर लोक काय म्हणतील? गाड्या मोडायला मीच बसवला!"

सर म्हणाले, "माझी झोपायची खोली रस्त्यालगत आहे. प्रत्येक गाडी धाडकन आदळणार. माझं ब्लडप्रेशर..."

मी का मागे राहू? म्हटलं, "माझ्या मशीनची सुई मोडेल."

मावशी फक्त बघत होत्या. तेवढ्यात आतून आत्यांचा आवाज आला, "कुनाच्याच दारात नगं व्हय? मंग माझ्या माजघरात करा!"

मीटिंग तिथंच संपली. चहा मात्र सगळे पिऊन गेले.

*

पुढे पालिकेत अर्ज गेला आणि तिथून निरोप आला की इंजिनियर मॅडम येणार आहेत आणि काम लोकसहभागातून होणार आहे. सरांनी लगेच ग्रुपवर टाकलं, "उद्या सकाळी आठ वाजता लोकसहभागातून गतिरोधक. सर्वांनी वेळेवर हजर राहावे."

सकाळी मॅडम स्कूटीवरून उतरल्या. हातात टेप आणि कागद. बघतात तर काय, निम्मा रोड फावडी, कुदळी, घमेली घेऊन उभा! बबनरावांच्या हातात नारळ. शकीलभाईंनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आमच्या ह्यांनी तर त्यासाठी रजा काढलेली!

मॅडमना कळेना. "हे काय?"

सर छाती काढून म्हणाले, "लोकसहभाग!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो सर, श्रमदान नाहीये हे! लोकसहभाग म्हणजे मला तुमचं मत पाहिजे, मत!"

बबनरावांनी फावडं खाली टेकवलं. म्हणाले, "मत व्हय? मंग तसं सांगायचं ना बाई. कार्ड आनलं असतं!"

*

त्याच सकाळचं पुढचं ऐका. मॅडम खरंच चांगल्या होत्या, प्रत्येकाला विचारत होत्या. "या रोडवर गाड्या कधी हळू जातात?"

बबनराव म्हणाले, "पाच वाजता."

मॅडमनी लिहून घेतलं. "रोज? पाचलाच का?"

"माज्या म्हशी तवा पाटावरनं येत्यात."

सगळे हसले. पण बबनरावांचं बोलणं खोटं नव्हतं. बबनरावांच्या म्हशी रोडभर पसरून चालल्या की भलेभले डबल ट्रॉलीवाले मुकाट मागून येतात. हॉर्न वाजवला तर म्हैस थांबून मागे बघते. मग तर संपलंच! शकीलभाई म्हणाले, "मॅडम, दिवसभर म्हशीच सोडू. त्यांना मंजुरी लागत नाही!"

मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, "बरं, गतिरोधक कुठे करायचा? तुम्ही सांगाल तिथे."

तेव्हा मात्र पुन्हा एकमत. सगळ्यांनी एकदम बोट दाखवलं, "तिथं! मोकळ्या प्लॉटसमोर!"

"तिथून रस्ता कोण ओलांडतं?"

"कुणीच नाही."

"मग तिथे कशाला?"

सर म्हणाले, "म्हणून तर कुणाची हरकत नाही!"

मॅडमनी सरांकडे बघितलं, मग कागदाकडे बघितलं, आणि लिहिलं. त्या तरी काय करणार? मत विचारलं होतं ना!

*

गतिरोधक यायच्या आधी त्याचा बोर्ड आला. "पुढे गतिरोधक आहे." पिवळाधमक, ठसठशीत. पुढे काहीच नव्हतं.

पण काय सांगू, दहा-बारा दिवस रोड इतका शांत! जो तो बोर्ड वाचायचा, ब्रेक दाबायचा आणि गतिरोधक शोधत शोधत हळू जायचा. पाटापर्यंत जायचा, तरी सापडायचा नाही. आम्हाला वाटलं, एवढ्यावरच भागतंय, उगाच सिमेंट कशाला! आत्याही एक दिवस फाटकापर्यंत येऊन उभ्या राहिल्या. मला मनातून आनंद झाला, पण मी बोलले नाही. दृष्ट लागायची.

मग नेहमीच्या लोकांना गंमत कळली आणि परत आपला धुरळा सुरू. फक्त बाहेरगावचे तेवढे फसायचे. कोपरगावकडचा एक पिकअपवाला तर माझ्या दुकानासमोर गाडी थांबवून काच खाली करून विचारायला लागला, "ओ ताई, गतिरोधक कुठंय?"

मी म्हटलं, "मंजूर झालाय. बसा, चहा घ्या, येईलच!"

*

आला! एका सकाळी दार उघडून बघते तर मोकळ्या प्लॉटसमोर गतिरोधक तयार. ठेकेदारानं मन लावून केला होता. नको इतकं मन लावून! मॅडम त्या महिन्यात ट्रेनिंगला गेलेल्या, त्यामुळे मापं सांगणारं कुणी नाही. ठेकेदाराला आमच्यातल्याच कुणीतरी सांगितलं होतं, "जरा दणकट करा." मी नव्हे.

पहिली स्कूटर गुजर सरांची. उद्घाटन म्हणून मुद्दाम त्यावरून गेले. वर गेले ते दिसले, खाली आले तेही दिसले, आणि मग ते तोंडावर हात धरून रस्त्यावर काहीतरी शोधायला लागले. कवळी! ती शकीलभाईंना गॅरेजसमोर सापडली.

शकीलभाईंनी कवळी धुऊन सरांच्या हातात ठेवली, त्या उंचवट्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सर, आपल्या जिल्ह्यात कळसूबाई एकच पुरे!"

त्याच दिवशी लग्नाची तिथी. नवरदेवाची गाडी आली, फुलांनी सजवलेली, राहात्याकडची पार्टी. ड्रायव्हरला वाटलं, जाईल. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि गाडीचं पोट कळसूबाईवर! ना पुढे, ना मागे. बँडवाल्यांना वाटलं इथंच नाचायचंय, त्यांनी जोरात सुरू केलं. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव काचेतून बघतोय. शेवटी वऱ्हाडानं गाडी उचलली, नवरदेवासकट.

नवरदेवाचा मामा घामाघूम. ओरडला, "कुनी बांधला रं ह्यो?"

आम्ही सगळ्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी कवळी नीट बसवली आणि म्हणाले, "लोकसहभागातून!"

दोन दिवसांत तक्रारी इतक्या झाल्या की तो फोडून टाकावा लागला. फोडायच्या मशीनचा आवाज आला तेव्हा आत्या फाटकाशी होत्या. सगळा फुटेपर्यंत बघत राहिल्या. मग काठी टेकत आत गेल्या आणि म्हणाल्या, "बघ. त्यो बी ऱ्हायला न्हाई." मी इतका वेळ सगळ्यांबरोबर हसत होते. त्या वाक्यानंतर मला हसता येईना.

*

त्यानंतर काही दिवस आत्यांनी फोनही कमी केला. मार्था मावशी ओट्यावर बसून हात हलवायच्या, ह्या आतूनच बघायच्या. मग एका संध्याकाळी मी दारात रांगोळी काढत होते, दुसऱ्या दिवशी कसलीशी पूजा होती. रांगोळी फाटकाबाहेर थोडी आली. एक मोटारसायकलवाला जोरात आला, रांगोळी बघितली, आणि कचकन ब्रेक दाबून बाजूनं गेला.

आत्या खिडकीत होत्या. म्हणाल्या, "अगं, रांगोळीवर कुनी गाडी घालतं का? पाप लागतं! रोडभर काढ की!"

मला पटलं. सकाळी उन्हं यायच्या आत आम्ही बायका बसलो. एक जण पुढे लाल फडकं घेऊन उभी, आम्ही मागे. सरांनी खडूनं आकृती आखून दिली. आमच्या फाटकापासून मावशीच्या ओट्यापर्यंत, या कडेपासून त्या कडेपर्यंत. बाजूनं जायला जागाच ठेवली नाही! मी आमच्या बाजूला कुयरी काढली, मावशींनी त्यांच्या बाजूला मोठी चांदणी काढली, नाताळ जवळ आला होता म्हणून. आत्यांनी फाटकाच्या आत बसून, गजांमधून हात घालून, हळदी-कुंकवाची दोन बोटं टेकवली.

पहिला ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं रांगोळी बघितली आणि थांबला. गाणं बारीक केलं. उतरला, चपला काढल्या, बाजूला ठेवल्या, हात जोडले. इकडेतिकडे बघितलं, देव कुठं दिसेना.

बबनरावांना विचारलं, "दादा, काय कार्यक्रम हाय?"

"हळू जायचा कार्यक्रम हाय."

ड्रायव्हरला पटलं. त्यानं मान डोलावली आणि मग खालच्या आवाजात विचारलं, "जेवन हाय का?"

आता माणूस हात जोडून विचारतोय म्हटल्यावर काय करणार? मावशींनी आतून केक आणून दिला. तो त्यानं कपाळाला लावून खाल्ला! रांगोळी पुसून टाकायची कुणाची छाती होईना, म्हणून सरांनी चांदणी आणि कुयरीच्या मधून एक वाट पुसून दिली. ट्रॅक्टर त्या वाटेनं, माणूस देवळात शिरतो तसा, जपून गेला.

आठवडाभर आम्ही रोज रांगोळी काढली. माझे गुडघे बोलायला लागले. पण एका सकाळी इंजिनियर मॅडम ट्रेनिंगहून आल्या आणि रांगोळीपाशीच थांबल्या. स्कूटी लावली, कडेनं चालत गेल्या, टेप काढला आणि रांगोळीचं माप घ्यायला लागल्या! म्हणाल्या, "उंचवटा उगाच नको. हा एवढाच रुंद, टेबलासारखा सपाट, दोन्हीकडून उतार. आणि इथंच, जिथून तुम्ही खरंच जाता-येता."

सर म्हणाले, "पण मॅडम, हे तर शोभाताईंच्या दारात होतंय."

शोभाताई म्हणजे मी. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मशीनकडे बघितलं. मग आत खिडकीकडे बघितलं. म्हटलं, "मोडू द्या सुया!"

*

सपाट गतिरोधक झाला. वर पांढरे पट्टे. पण आता कुणाचा विश्वास? सर म्हणाले, टेस्ट घेतल्याशिवाय पास करायचा नाही. मॅडमही थांबल्या.

टेस्ट अशी ठरली. शकीलभाई स्कूटर चालवणार, मागे मी, माझ्या हातात चहाचा काठोकाठ भरलेला कप. हळू गेलं तर चहा सांडता कामा नये आणि जोरात गेलं तर सांडलाच पाहिजे! पहिल्यांदा हळू गेलो. चहा फक्त हलला. टाळ्या! दुसऱ्यांदा शकीलभाईंनी अॅक्सिलरेटर पिळला, आणि सगळा चहा त्यांच्या पाठीवर. "भाजलं, भाजलं!" ते ओरडले, आणि लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

मॅडम म्हणाल्या, "मग पास?"

"थांबा," सर म्हणाले. त्यांनी आपली स्कूटर काढली, एका हातानं हँडल धरलं, दुसरा हात तोंडावर घट्ट. हळूच वर चढले, हळूच उतरले, पलीकडे जाऊन थांबले. आम्ही श्वास रोखून बघतोय. सरांनी तोंडावरचा हात काढला आणि सगळे दात दाखवून हसले.

मॅडमनी कागदावर लिहिलं, पास.

*

आता शेवटचा. हा सांगताना माझा आवाज जरा बदलला तर बदलू द्या.

गतिरोधक झाला तरी आत्या काही फाटकाबाहेर येईनात. "त्यो बी फोडत्याल," एवढंच म्हणायच्या. रोज खिडकीतून बघायच्या, आहे की गेला. रोज असायचा. गाड्या यायच्या, हळू व्हायच्या, अलगद वर चढून अलगद उतरायच्या. माझी एकही सुई मोडली नाही, हेही सांगून टाकते. मी आत्यांना काही म्हणायचं सोडून दिलं होतं. मावशी मात्र रोज सकाळी तो कढीचा डबा घासून ओट्याच्या कठड्यावर ठेवायच्या, उन्हात चमकेल असा.

परवाची गोष्ट. सकाळचं काम चाललं होतं. मी एका नवरीचा ब्लाउज बेतत होते. फाटकाची कडी वाजली. मला वाटलं गिऱ्हाईक आलं. मान वर केली तर आत्या. डोक्यावरून पदर, हातात काठी, पायात बाहेरच्या चपला. अपघातानंतर त्या चपला मी पहिल्यांदा त्यांच्या पायात बघितल्या.

"कुठं निघालात?"

"डबा आनायला," आत्या म्हणाल्या. "आन् तू मागनं येऊ नगंस. माझी मी जाती."

माझ्या हातातली कात्री हातातच राहिली. मी दारात आले. पलीकडे गॅरेजमधून शकीलभाई बाहेर आले, हातात पाना तसाच. बबनराव कॅन घेऊन उभे राहिले. सर वाटेत थांबले. समोर मार्था मावशी ओट्यावरून उठल्या, डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला. त्यांचे ओठ हलत होते. प्रार्थना करत असाव्यात.

आत्यांनी पांढऱ्या पट्ट्यावर पाय ठेवला. एक पाऊल, काठी, दुसरं पाऊल. आणि पाटाकडून गाण्याचा आवाज आला. डबल ट्रॉली, उसानं भरलेली, वर गाणं ठणाणा करत. मी धावणार, तेवढ्यात ट्रॅक्टरवाल्यानं उताराच्या आधीच ब्रेक लावला. सगळी ट्रॉली करकरत थांबली. त्यानं म्हातारी बघितली, हात पुढे केला आणि गाणं बंद केलं. दुसऱ्या बाजूनं पिकअप आला, तोही थांबला. त्याच्यामागे आणखी दोन गाड्या, त्याही थांबल्या. कुणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. काँक्रीट झाल्यापासून आमचा रोड इतका शांत मी पहिल्यांदा ऐकला. पाटातलं पाणी ऐकू येत होतं.

आत्या रोडच्या बरोबर मधे पोचल्या. आणि तिथं थांबल्या.

उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. काठी नीट टेकवली, पदर सारखा केला, आणि तशाच उभ्या. पुढे सरकेचनात! ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवर हात ठेवून बघतोय. माझ्या डोळ्यांतून पाणी.

पलीकडून मावशींना धीर निघेना. डबा वर धरून त्या ओरडल्या, "अगं, थांबलीस काय? ये की लवकर!"

आत्यांनी मोकळा हात वर केला.

"थांब गं, ट्रॅक्टर थांबलाय!"